उजव्या टोकाचा शिपाई

खराटा डोक्याच्या वर गेला तेव्हा आपल्या हातात खराटा आहे, हेच धर्माजी विसरला होता. अलिबागच्या मासळीबाजारात भर उन्हात तो गोदूच्या पाटीसमोर उभा होता. अंगावर सरकारी कपडे नव्हते, घरचा सदरा होता. हातात बायकोने, राहीने मागवलेला, माडाच्या हिरांचा नवा खराटा होता, आणि डोक्यात एवढाच विचार की बोंबील आजचे आहेत की कालच्यांवर पाणी मारून मांडलेत. तेवढ्यात बंदराकडून आगबोटीची शिटी आली. लांब, बारीक, कानात शिरणारी. आणि हात उठला. नुसता उठला नाही, नीट उठला. कोपर बाहेर, मनगट कानाच्या मागे, बोटं मुठीत घट्ट. मैदानावर रावजी जमादारांनी महिनाभर शिकवलं होतं तस्साच. गोदू बोंबील निवडत खाली वाकलेली होती. सावली पडली म्हणून तिने वर पाहिलं आणि तिचं तोंड सुटलं. "काय रं मेल्या! खराटा उगारतोस डोक्यावर? केर हाय का मी?" आजूबाजूच्या कोळणी हसल्या. कुणीतरी म्हणालं, शिपाई हाय त्यो, त्याला काय घर आन् काय बाजार. धर्माजीही हसला. हसला खरा, पण हात वरच होता. खाली ये, असं तो मनातल्या मनात हाताला सांगत होता आणि हात ऐकत नव्हता. शिटी थांबली तेव्हाच तो खाली आला.

बोंबील न घेताच तो निघाला. पोलीस लाइनीकडे जायचा सरळ रस्ता सोडून किनाऱ्याकिनाऱ्याने चालू लागला. खराटा त्याने डाव्या हातात घेतला होता आणि उजवा नुसता लोंबत होता. तो त्याच्याकडे बघायला धजेना. तसा हा हात काही नवा नव्हता. याच हाताने त्याने बापाच्या होडीवर वल्हं मारलं होतं, जाळ्याचा दोर ओढला होता, तळव्यावरचे घट्टे अजून होते. पण होडीवर कधी असं झालं नव्हतं. तिथे बाप 'ओढ' म्हणायचा आणि ओढण्याच्या आधी एक क्षणभर का होईना, आपण ओढणार आहोत हे धर्माजीला कळायचं. कधी तो मुद्दाम उशीर करायचा आणि बाप शिव्या द्यायचा. त्या शिव्या किती बऱ्या होत्या! आज तो क्षणभर कुठे गेला? शिटी आणि हात यांच्यामध्ये धर्माजी नावाचा माणूस असायला हवा होता, तो नव्हता. त्याला भीती वाटली. साधी, पोटातली भीती, लहानपणी पहिल्यांदा खोल पाण्यात पाय टेकला नाही तेव्हा वाटली होती तशी.

हे सगळं मिठामुळे. यंदा जो तो उठून किनाऱ्यावर जाऊन मीठ उचलत होता. ठिकठिकाणी माणसं शेकड्यांनी जमत होती आणि पोलिसांची धांदल उडत होती. कुठे शिपाई पळाले, कुठे घाबरून भलतीकडेच लाठ्या चालवल्या, कुणाची टाळकी फुटली. मग वरून हुकूम आला की शिपाई तयार करा, आणि घाटावरचे रावजी जमादार आले. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर त्याच्यावर राग धरून मोकळं होता आलं असतं. पहिल्याच दिवशी ते मैदानात मध्यभागी उभे राहून म्हणाले होते, "गड्यांनो, घाबरलेला शिपाई लई वंगाळ. त्यो कवा मारंल, कुणाला मारंल, काय नेम न्हाई. मी बघितलंय. रांगेत माझ्या शेजारचा पोरगा घाबरला आन् एका म्हातारीच्या डोस्क्यात घातली त्यानं. म्हून तुमचा हात मला भीतीकडनं काढून घ्यायचाय आन् शिटीच्या ताब्यात द्यायचाय. शिटी वाजली, हात वर. दुसरी शिटी, हात खाली. मार खांद्याच्या वर न्हाई, डोस्क्यावर तर न्हाईच. ईचार करायचा न्हाई. ईचार केला की भ्या वाटतं." धर्माजीला ते पटलं होतं. भीती नको असेल तर विचार नको, किती सोपं! त्याने जीव लावून शिकून घेतलं. होडीवरच्या पोराला दोराच्या लयीत हात टाकणं काही अवघड नव्हतं. शिवाय तो सगळ्यांत उंच, म्हणून रांगेत उजव्या टोकाला. गर्दीच्या ओरड्यात शिटी ऐकू येत नाही, म्हणून जमादारांनी दुसरा नियम घालून दिला होता: शिटी कळली नाही तर उजवीकडच्याकडे बघायचं. त्याने हात उचलला की आपण उचलायचा, तो थांबला की थांबायचं, तो बसला की बसायचं. एका टोकाला धर्माजीने काही केलं की शेजारच्या भिकूपासून पार डाव्या टोकापर्यंत सगळी रांग तेच करी, कुणी एक शब्द न बोलता. विश्रांतीच्या वेळी तो खाली बसला की धपाधप सगळे बसत. जमादारांना त्याचं भारी कौतुक. हुकूम न देताच रांग बसते, म्हणून ते हसत आणि मिशीवरून हात फिरवत.

किनाऱ्यावरून चालताना त्याला पेंढ्याचं पोतं आठवलं, आणि तो थांबला. खरं तर आठवायचं नव्हतं. जमादारांनी सांगितलं होतं की बायामाणसं समोर आली की शिपायाचा हात अडखळतो, तर सवय झाली पाहिजे. पेंढा भरलेली पोती खांबांना बांधा, त्यांना घरून बायकांचं जुनेर आणून नेसवा. सगळ्यांनी आणलं. धर्माजी सकाळच्या घाईत होता, राही पाण्याला गेली होती, त्याने खुंटीवरच्या गाठोड्यातून हाताला आलं ते ओढलं. मैदानात ते पोत्याला गुंडाळून झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. हिरव्या चौकडीचं, तांबड्या काठाचं. आईचं. तिने ते राहीला दिलं होतं, येणाऱ्या बाळाच्या गोधडीसाठी. आजीचं नेसून मऊ झालेलं लुगडं बाळाच्या अंगाखाली घालायचं, ही त्यांच्याकडची रीत. आता ते खांबाला उभं होतं. सोडून घेतो म्हणावं, तर सगळे हसणार. आईचं लुगडं सोडवेना याला, असं महिनाभर ऐकावं लागणार. त्याने ते तसंच राहू दिलं. त्याची पाळी आली, शिटी झाली. पहिल्या दिवशी हात खरोखर अडखळला. जमादार म्हणाले, बघा, हेच ते. पुन्हा. दुसऱ्या दिवशी कमी अडखळला. नंतर नंतर तर ते हिरवं दिसलं की हात आपोआप त्या अंतरावर जाऊन पडे, पोटऱ्या, मांडी, कंबर, आणि पेंढा उडे. शेवटी चिंध्याच राहिल्या. राहीने गाठोडं शोधशोध शोधलं, तेव्हा तो म्हणाला, उंदरांनी नेलं असेल. ती म्हणाली, एवढं मोठं लुगडं?

बाप जिवंत होता तेव्हा एका नारळी पुनवेला त्याने आईसाठी एकाच ठाणातली दोन लुगडी आणली होती. एक हे. दुसरं आईकडेच होतं, गावी, चौलच्या पलीकडे खाडीच्या तोंडावरच्या कोळीवाड्यात. ती ते ठेवणीतलं म्हणून काढायची. लग्नाला, होळीला, आणि काही महत्त्वाचं असलं की. मीठ उचलायला जायचं असेल तर? ती ते नेसणार नाही कशावरून? या प्रश्नाशी तो आला आणि वाळूत मटकन बसला. बसल्यावर जरा बरं वाटलं. हे त्याला मैदानावरच कळलं होतं. जमादार अर्ध्या शिपायांना सरकारी कपडे उतरवून गर्दी व्हायला लावत. मांडी घालून बसायचं, घोषणा द्यायच्या, उठायचं नाही. पहिल्यांदा सगळे खिदळले. मग भिकू एवढ्या जोरात ओरडू लागला की जमादारांनी त्याला दटावलं. इतकं खरं ओरडायचं कारण न्हाई, म्हणाले. धर्माजी गर्दीत बसला तेव्हा समोरून लाठ्या घेऊन येणाऱ्या आपल्याच सोबत्यांचे चेहरे त्याला पहिल्यांदा दिसले. कुणाच्याच चेहऱ्यावर कोणी नव्हतं. भिकूच्याही नाही, दुसऱ्या दिवशी भिकू त्या बाजूने आला तेव्हा. तरीही बसलेल्याला उभ्या माणसाइतकी भीती वाटत नव्हती. उभं असलं की पाय विचारत राहतात, कुठे जाऊ, कुठे जाऊ. बसलं की पायांचा प्रश्न मिटतो.

संध्याकाळी तो जमादारांकडे गेला. ते ओसरीवर पानाला चुना लावत होते. धर्माजी पायरीशी उभा राहून म्हणाला, "जमादार, मला उजव्या टोकावरून काढा."

"का रं?"

"माझा हात उठतो. शिटी कुठलीही असो. आज आगबोट वाजली, आन् बाजारात हात उठला माझा. समोर कोळीण होती."

जमादारांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "आरं मग घासलंय कशापायी तुला? आता झालास बघ तयार. बाकीच्यांस्नी अजून मनाला ईचारावं लागतं."

"पण मी विचारलंच न्हाय कुणाला."

"तेच तर!" त्यांनी पान तोंडात घातलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "भ्या वाटतंय व्हय? मलाबी वाटायचं. जातं त्ये. आन् हे बघ, परवा तुमच्याच गावाकडं जायचंय. कोळीवाड्याच्या वाळूवर मीठ काढणार हायेत म्हणं. तू वाटा जाणणारा. तू टोकाला हवासच."

घरी राही चुलीपुढे होती. पोट वाढलं होतं, वाकताना ती एक हात जमिनीला टेकवायची. तिने विचारलं, बोंबील कुठायत? तो म्हणाला, शिळे होते. परवा गावाला जायचंय हे त्याने सांगितलं नाही, पण लाइनीत भिंतींनाही कान. तिला आधीच कळलं होतं. "आयेला सांगा, सातवा लागलाय," ती म्हणाली. जणू तो भेटायलाच चालला होता. त्याला ओरडावंसं वाटलं, की मी भेटायला जात नाही, मला तिथे हात न्यायचाय, फक्त हात. शेजारच्या खोलीतलं पोर आंब्याच्या कोयीची पिपाणी वाजवत होतं. एकदा बारीक आवाज आला आणि धर्माजीचं मनगट ताटावरून उडालं. भात सांडला. राहीने पाहिलं. त्याने हात पटकन मांडीखाली घातला आणि त्यावर बसला. हात खाली दोनदा हलला आणि निमूट झाला. "असं काय बसलाव?" ती म्हणाली. "मुंग्या आल्यात," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने जेवू लागला. ती जवळ सरकून बसली, तेव्हा तो दूर सरकला. त्या पोटाजवळ हा हात नको. नोकरी सोडावी? सोडून जायचं कुठे, होडी तर बापाबरोबर गेली, आणि दोन महिन्यांनी बाळ. आजारी पडावं? जमादार ओळखतील. हे सगळं मनात फिरून पुन्हा त्या हिरव्या चौकडीशी येऊन थांबत होतं, आणि आढ्याकडे बघत तो देवाला एवढंच म्हणत होता की आईने दुसरं काहीतरी नेसावं.

ती तेच नेसली होती. गावच्या वाळूवर पोचल्या पोचल्या त्याला ते दिसलं, पहिल्या ओळीत, त्याच्या बरोबर समोर. सगळा कोळीवाडा बसला होता, मधे मडक्यांत खारं पाणी चुलींवर रटरटत होतं, आणि मनुबाई, त्याची आई, मांडी घालून, पदर खोचून, होळीला बसतात तशी बसली होती. रांग थांबली. उजव्या टोकाला धर्माजी, शेजारी भिकू, मग पुढचे. मागे जमादार, त्यांच्यामागे घोड्यावर साहेब. साहेबाने काहीतरी वाचून दाखवलं, ते वाऱ्यात कुणाला कळलं नाही. लोकांनी घोषणा दिल्या आणि मग ते गप्प झाले. उन्हाने वाळू पांढरी दिसत होती. त्या पांढऱ्यात एकच हिरवं होतं, आणि हाताला ते माहीत होतं. धर्माजीला हातातली लाठी जड लागत नव्हती, हेच भयंकर होतं. हात हलका होता, उत्सुक होता, अंतर मोजून बसला होता. मांडी, कंबर. तो डोळे मिटायला लागला, पण डोळे मिटले तर पोतंच दिसत होतं, म्हणून उघडले.

"धर्मा," आई म्हणाली. साध्या आवाजात, दारात उभी राहून हाक मारावी तसं. "राहीचं कसं हाय रं?"

रांगेत बोलायचं नाही, हा नियम. घाम डोळ्यात उतरला.

"बोल की. किती म्हैनं झालं?" आजूबाजूच्या बाया हसल्या. एक म्हणाली, सरकारनं जीभ ठेवून घेतली वाटतं तुझ्या लेकाची.

तेव्हाच त्याला धूर दिसला. समुद्रात, उत्तरेकडून, एक काळी रेघ. मुंबईची आगबोट. ती कोर्लईच्या डोंगराकडे तोंड करून खाडीत वळणार, आणि वळताना शिटी देणार. दिल्याशिवाय राहत नाही. लहानपणी त्या शिटीबरोबर सगळी पोरं या वाळूवर धावत सुटायची, तोही त्यांच्यात. आज शिटी झाली की त्याचा हात उठेल. साहेब म्हणो न म्हणो, जमादार फुंको न फुंको. मग भिकू उजवीकडे बघेल, त्याचा हात उठेल, मग पुढच्याचा, पुढच्याचा, आणि सगळी रांग या बसलेल्या माणसांवर जाईल, आणि कुणालाच कधी कळणार नाही की हुकूम कुणी दिला होता. हुकूम आगबोटीने दिलेला असेल. आणि पहिली लाठी कुठे पडणार हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. "जमादार!" तो ओरडला. "पुढं बघ," मागून जमादार म्हणाले. "जमादार, ती आगबोट..." "म्होरं बघ म्हणतो ना!" धूर मोठा झाला. खाली बोट दिसू लागली. तिने नाक फिरवलं. त्याला वाटलं आता ओरडून आईला सांगावं की पळ, पण ती पळणार नव्हती; आणि पळाली तर हिरवं हललं असतं, आणि हललेल्या गोष्टीमागे हात आणखी जोरात गेला असता. पायांनी विचारायला सुरुवात केली, कुठे जाऊ, कुठे जाऊ. आता वाजणार, आता.

धर्माजी खाली बसला. ठरवून नाही बसला. पण बसता बसता त्याने लाठी आडवी करून मांडीखाली घातली, तिच्यावर धरलेला उजवा हातही मांडीखाली घातला, आणि त्यावर मांडी घालून बसला. वाळू तापलेली होती. शेजारी धप्प झालं. भिकू बसला होता. भिकूने त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं नीट, नुसता बसला होता. मग त्याच्या पलीकडचा. मग त्याच्या पलीकडचा. धप, धप, धप, रांगेचं बसणं डावीकडे सरकत गेलं, जसं मैदानावर जायचं तसंच, कुणी एक शब्द न बोलता. आणि सरकारची सगळी रांग लोकांसमोर वाळूवर मांडी घालून बसली.

कुणी हसलं नाही. चुलीवरच्या मडक्यांचा आवाज तेवढा येत होता. साहेबाचा घोडा फुरफुरला. आई पुढे वाकून बघत होती, तिच्या कपाळाला आठी पडली. "काय झालं रं? घेरी आली का?"

आणि मग आगबोट वाजली. लांब, बारीक. मांडीखाली हात उसळला. एवढ्या जोराने उसळला की धर्माजी जागचा हलला. त्याने दात आवळले आणि भार टाकला. हात उठू पाहत होता, ढकलत होता, जाळ्यातल्या माशासारखा तडफडत होता. शिटी संपेना. किनाऱ्यावरची दोन-तीन पोरं उठून पाण्याकडे धावली. मग शिटी थांबली आणि हात थरथरत पडून राहिला. धर्माजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात नव्हता.

मागे साहेब इंग्रजीत ओरडला. जमादार धावत पुढे आले. त्यांचा चेहरा त्याने असा कधी पाहिला नव्हता. राग नव्हता त्यात, ते घाबरले होते. "ऊठ," ते म्हणाले, जवळजवळ विनवून. "धर्मा, ऊठ लेका. नोकरी जाईल, तुरुंगात जाशील. तू उठलास की समदी उठतील." आणि धर्माजी उठेना तेव्हा त्यांनी गळ्यातली शिटी ओठांत धरली. त्यांनी फुंकली. खरी शिटी, हुकमाची.

भिकूने मान वळवली. त्याच्या पलीकडच्याने वळवली. सगळी रांग उजवीकडे बघू लागली. मांडीखाली हात पुन्हा उसळला, या वेळी नखं मांडीत रुतली. धर्माजीला भीती वाटत होती, इतकी की तोंडाला चव उरली नव्हती. लाठीची, तुरुंगाची, राहीचं काय होईल याची, आणि सगळ्यांत जास्त त्या हाताची. त्याने अंगाचा होता नव्हता तेवढा भार हातावर टाकला आणि समोर बघितलं. हिरव्या चौकडीच्या वर एक म्हातारा चेहरा होता, आणि तो अजून उत्तराची वाट बघत होता.

"बरी हाय ग आये," तो म्हणाला. "सातवा लागलाय तिला."